दुबळ्या दवाखान्याला हात देताना

सांगलीहून पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आष्टा हे मोठे गाव आहे. आसपासच्या कारंदवाडी, बावची, गोटखिंडी, बागणी या गावांची माणसे बाजाराला, शाळेला आणि अडीअडचणीला आष्ट्यास येतात. या भागात ऊस आहे, हळद आहे, द्राक्षबागा आहेत, कृष्णेचे पाणी आहे. अशा सधन मुलखातही रात्री अकरा वाजता एखाद्या घरात बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, म्हणजे घरची माणसे आधी एकमेकांना विचारतात, "जवळच्या सरकारी दवाखान्यात आता कोणी असेल का, की थेट सांगली-मिरजच गाठायची?"

दवाखान्याची सगळी परीक्षा या एका प्रश्नात आली. ज्या दवाखान्याबद्दल लोक बिनघोर म्हणतात, "असेल, चला," तो सशक्त. ज्याच्याबद्दल म्हणतात, "कुणास ठाऊक," तो दुबळा. इमारत दोघांची सारखी असू शकते. पाटीही सारखी असू शकते.

असा दुबळा दवाखाना दिसला, म्हणजे सरकारचे, पुढाऱ्यांचे आणि लोकांचेही म्हणणे एकच असते की, त्याला मदत करा. माणसे द्या, औषधे द्या, वरून कोणी जाणता माणूस पाठवा, सहा-आठ महिने त्याच्या पाठीशी उभे राहा. हे म्हणणे योग्यच आहे. पण मदत दिली, खर्च झाला, वर्ष उलटले, आणि मग कोणी विचारले, "काय हो, उपयोग झाला का?" तर उत्तर कशावरून द्यायचे? उद्‌घाटनाच्या फोटोवरून? नव्या रंगावरून? की केसपेपरच्या वाढलेल्या आकड्यावरून? ही पारख कशी करावी, एवढाच आपल्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

हा प्रश्न काही आजचा नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने खेड्यापाड्यांतून आरोग्य केंद्रे उभारण्याची योजना मांडली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. दहा वर्षांत केंद्रे पुष्कळ झाली, पण कुठे डॉक्टर नाही, कुठे औषध नाही, अशी स्थिती झाली. म्हणून १९६२ साली मुदलियार समितीने सांगितले की, नवी केंद्रे काढण्याआधी आहेत ती बळकट करा. म्हणजे दुबळ्या केंद्राला आधार देण्याचा विचार साठ वर्षांहून जुना आहे. आधार दिल्यावर केंद्र खरोखर सुधारले की नाही, हे नीट तपासण्याची पद्धत मात्र आपल्याकडे उशिरा आली.

आज मैदानी भागात सुमारे ३०,००० आणि डोंगरी भागात सुमारे २०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे मान ठरलेले आहे. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. केंद्रात काय काय असावे याची सार्वजनिक आरोग्य मानके २००७ साली निघाली. दर्जा तपासण्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानके आली. २०१५ साली स्वच्छतेसाठी 'कायाकल्प' योजना निघाली. डिसेंबर २०१७ मध्ये बाळंतपणाच्या खोलीसाठी 'लक्ष्य' ही योजना आली. या योजनांमध्ये तपासणीस येतात, याद्या घेऊन गुण देतात आणि ठराविक गुण मिळाले तर प्रमाणपत्र किंवा बक्षीस मिळते. मागे पडलेल्या केंद्राकडे जिल्ह्याचा अधिकारी जास्त लक्ष देतो, शिकवणारी माणसे पाठवतो, अडलेली खरेदी सोडवून देतो. अशा जवळून आणि सतत दिलेल्या मदतीला आपण 'सघन मदत' म्हणू.

आता ही मदत लागू पडली की नाही हे ओळखताना आपण कुठे फसतो, ते पाहू.

पहिली फसगत शिक्षकांना चटकन कळेल. पन्नास मुलांच्या वर्गात सहामाहीला सर्वांत कमी गुण मिळालेली पाच मुले निवडा. त्यांतली दोन-तीन खरोखरच कच्ची असतात. पण एखादा परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणलेला असतो, एखादीच्या घरी त्याच आठवड्यात लग्न असते, तर एखाद्याने नेमका सोडलेला धडाच परीक्षेत आलेला असतो. आता या पाचांसाठी गुरुजींनी जादा तास घेतले नाहीत, तरीसुद्धा वार्षिक परीक्षेत त्यांचे गुण एकंदरीने थोडे वर येतात. कारण ताप गेलेला असतो आणि लग्न उरकलेले असते. जादा तास घेतले असते, तर या सगळ्या वाढीचे श्रेय आपण त्या तासांना दिले असते.

दवाखान्याचे तसेच होते. जिल्ह्यातली सर्वांत खालची पाच केंद्रे आपण एका वर्षाच्या आकड्यांवरून निवडतो. त्या वर्षी एका केंद्रात डॉक्टरांची बदली होऊन जागा रिकामी पडलेली असते, दुसरीकडे सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर असतात, तिसरीकडे लशींचा फ्रीज बिघडलेला असतो. पुढल्या वर्षी डॉक्टर येतात, सिस्टर हजर होतात, फ्रीज दुरुस्त होतो. यातले पुष्कळसे मदत दिली नसती तरी झाले असते. म्हणून, "सर्वांत खाली होते, आता वर आले," एवढ्यावरून मदतीला शाबासकी देणे घाईचे होते. निवड करताना एका वर्षाऐवजी तीन वर्षांचे आकडे पाहावेत, म्हणजे खरा दुबळा कोण आणि एका वर्षापुरता आजारी कोण, हे पुष्कळसे कळते.

दुसरी फसगत हंगामाची. आपल्या भागात दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या बायका-मुलांसह येतात, पाली ठोकून राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. या चार-पाच महिन्यांत दवाखान्यातली गर्दी वाढते. लसीकरणाची मुले वाढतात, गरोदर बायका वाढतात, कोयत्याच्या जखमा वाढतात. समजा, मदतीची योजना ऑगस्टात सुरू झाली आणि तपासणीस जानेवारीत आला. वहीत रुग्णांची संख्या दीडपट दिसेल आणि अहवालात लिहिले जाईल, "लोकांचा विश्वास वाढला." विश्वास वाढलाही असेल, पण या आकड्यावरून ते सिद्ध होत नाही. तसेच ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेला महापूर आला. त्या महिन्यांचे आकडे धरून पुढच्या किंवा मागच्या वर्षाशी तुलना केली, तर निष्कर्ष वाहूनच जाईल. म्हणून जानेवारीची तुलना जानेवारीशी करावी आणि पुराचा महिना वेगळा काढावा.

मग खरी तुलना कशी करायची? याचे उत्तर आपल्या शेतकऱ्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. नवे खत आणले, म्हणजे शहाणा शेतकरी ते सगळ्या रानात टाकत नाही. हळदीचे चार वाफे बाजूला ठेवतो. रान तेच, बेणे तेच, पाणी तेच, फक्त खत नाही. काढणीच्या वेळी दोन्हींचे वजन करतो. पाऊस चांगला झाला असेल तर तो दोन्हींवर सारखाच पडलेला असतो, त्यामुळे जो फरक उरतो तो खताचा. हे न खतवलेले चार वाफे नसतील, तर पावसाचे पुण्य खताच्या खात्यावर जमा होते.

आरोग्याच्या कामात असे वाफे ठेवण्याचे एक नामांकित उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बाळांचे मृत्यू कमी करण्यासाठी गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ते ऊबेत ठेवीत, जंतुदोषाची लक्षणे ओळखून उपचार करीत. हे काम ३९ गावांत केले आणि जवळच्या ४७ गावांत केले नाही; तिथे फक्त जन्म-मृत्यूची नोंद काटेकोर ठेवली. सुरुवातीला, १९९३ ते १९९५ या काळात, पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण दर हजारी एका भागात ६२ आणि दुसऱ्या भागात ५८ होते. तीन वर्षे काम झाल्यावर काम केलेल्या गावांत ते २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ५९.६, म्हणजे जवळजवळ होते तिथेच राहिले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि साऱ्या जगाने ते मानले. कारण कमी झालेला आकडा दाखवताना शेजारचा न घटलेला आकडाही त्यांनी दाखवला होता. पुढे देशभर आशाताई घरी जाऊन नवजात बाळाला पाहू लागल्या, त्यामागे या पुराव्याचे मोठे बळ आहे.

इथे कोणी विचारील, "मग काही गावांना मदतीवाचून ठेवायचं? हे माणुसकीला धरून आहे का?" प्रश्न रास्त आहे. पण सरकारची मदत एकाच दिवशी सगळीकडे पोचत नाही. या वर्षी दहा केंद्रे, पुढल्या वर्षी दहा, अशी पाळीच लागते. ही पाळी वशिल्याने न लावता चिठ्ठ्या टाकून लावली, तर ज्यांची पाळी पुढल्या वर्षी आहे ती केंद्रे यंदाच्या तुलनेला आपोआप मिळतात. कोणाचा घास हिरावला जात नाही, आणि चिठ्ठी असल्यामुळे तक्रारही राहत नाही.

तुलना कोणाशी करायची हे झाले. आता मोजायचे काय, ते पाहू.

दवाखान्यात मोजण्यासारख्या तीन थरांच्या गोष्टी असतात. पहिला थर सामानाचा. खाटा, औषधे, वीज, पाणी, तपासणीची यंत्रे हे सगळे त्यात येते. दुसरा थर कामाचा. सिस्टरने हात धुतले का, बाईचा रक्तदाब पाहिला का, बाळ जन्मताच आईच्या अंगाशी दिले का. तिसरा थर परिणामाचा. आई सुखरूप घरी गेली का, बाळ जगले का. सामान मोजणे सर्वांत सोपे, म्हणून बहुतेक अहवाल पहिल्या थरावरच थांबतात. दुसऱ्या थरापर्यंत जाणारे थोडे. तिसऱ्यापर्यंत जाणारे फारच थोडे.

पण दुसऱ्या थरात सुधारणा झाली म्हणजे तिसऱ्या थरात ती होतेच, असेही नाही. उत्तर प्रदेशात २०१४ ते २०१६ या काळात याची फार मोठी परीक्षा झाली. २४ जिल्ह्यांतली १२० सरकारी केंद्रे घेतली. त्यांतल्या ६० केंद्रांत बाळंतपणाच्या वेळी करायच्या गोष्टींची यादी दिली, आणि ती अंगवळणी पडावी म्हणून आठ महिने शिकवणारी माणसे पुन्हा पुन्हा पाठवली. उरलेल्या ६० केंद्रांत काम नेहमीसारखेच चालू ठेवले. दीड लाखांहून अधिक बाळंतिणींची नोंद घेतली. मदत सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी मदतीच्या केंद्रांत १८ आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के पार पडत होत्या, तर तुलनेच्या केंद्रांत सुमारे ४२ टक्के. केवढा फरक! एवढ्यावरच तपासणी थांबली असती, तर योजनेचा जयजयकार झाला असता. पण अभ्यासकांनी पुढेही पाहिले. बाळंतपणानंतरच्या सात दिवसांत माता किंवा बाळ दगावणे, बाळ मृत जन्मणे किंवा आईला गंभीर त्रास होणे, यांचे एकत्रित प्रमाण एका गटात १५.१ टक्के आणि दुसऱ्यात १५.३ टक्के निघाले. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

याचा अर्थ हात धुणे फुकट, असा नव्हे. हात धुतलेच पाहिजेत. पण अडलेल्या बाईला शस्त्रक्रिया लागते, रक्तस्राव झाला तर रक्त लागते, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणारा कसबी हात लागतो. यादी माणसाला आठवण देते. नसलेला डॉक्टर ती आणून देत नाही, आणि मोठ्या दवाखान्याकडे वेळेवर जाणारी गाडीही देत नाही. मदत कशाची कमी आहे ते ओळखून दिली पाहिजे. जिथे आठवणीची कमतरता आहे तिथे यादी द्यावी. जिथे माणसाची कमतरता आहे तिथे माणूसच द्यावा लागतो.

परिणाम मोजतानाही एक खबरदारी घ्यावी लागते. समजा, एका केंद्राच्या अहवालात लिहिले आहे, "या वर्षी एकही माता किंवा बालक दगावले नाही." वाचून आनंद होतो. पण त्याच केंद्राने दर दहा बायकांपैकी सात जणींना दारातूनच, "सांगलीला न्या," म्हणून परत पाठवले असेल तर? मृत्यू तिथे झाला नाही, तो रस्त्यात किंवा सांगली-मिरजेच्या वहीत लिहिला गेला. उलट, एखादे केंद्र खरोखर सुधारले, तर अवघड बाळंतपणेही तिथे थांबू लागतात आणि त्याचा आकडा वरवर पाहता बिघडलेला दिसतो. म्हणून दगावलेल्यांच्या आकड्याशेजारी पुढे पाठवलेल्यांचा आकडा मांडल्याशिवाय कोणत्याही केंद्राला बरे-वाईट म्हणू नये. शिवाय एका केंद्रात वर्षाकाठी बाळंतपणे थोडीच होतात. तिथे एखादा मृत्यू होणे न होणे हे दैवावरही असते. असे आकडे पुष्कळ केंद्रांचे एकत्र करूनच वाचावे लागतात.

आता काळाचा प्रश्न. उत्तर प्रदेशातल्या त्याच परीक्षेत, शिकवणारी माणसे परत गेल्यावर चार महिन्यांनी पुन्हा पाहणी झाली. तेव्हा ७३ टक्क्यांचे सुमारे ६२ टक्के झाले होते. आधार काढला आणि वेल थोडा खाली आला. पूर्ण पडला नाही, हे विशेष. पण चार महिन्यांत एवढे, तर चार वर्षांत किती, असा विचार मनात येतोच.

दुसरे उदाहरण राजस्थानचे आहे. उदयपूर जिल्ह्यात २००६ च्या सुमारास 'सेवा मंदिर' ही संस्था आणि जिल्ह्याचे आरोग्य खाते यांनी मिळून नर्सबाईंची हजेरी सुधारण्याचा प्रयत्न केला. काही केंद्रांवर तारीख-वेळेचा शिक्का मारण्याचे यंत्र दिले आणि गैरहजेरीबद्दल पगार कापण्याचे ठरले. पहिल्या सहा महिन्यांत या केंद्रांवरची हजेरी तुलनेच्या केंद्रांच्या जवळजवळ दुप्पट झाली. पण सोळा महिन्यांनी पाहिले तर दोन्हीकडे सारखेच! काय झाले होते? मधल्या काळात वरचे अधिकारी नर्सबाईंना "आज मीटिंग, आज सर्व्हे" अशा सवलती अधिकाधिक देऊ लागले. गैरहजेरीला मंजुरीचा शिक्का मिळाला. केंद्रावर नजर ठेवली होती. केंद्रावर नजर ठेवणाऱ्यांवर कोणाची नजर नव्हती.

या दोन उदाहरणांतून एक गोष्ट उघड होते. केंद्राचा दुबळेपणा पुष्कळदा केंद्रात नसतोच. तो वर असतो. रिकामी जागा भरायचा अधिकार केंद्राच्या डॉक्टरांना नाही. औषध खरेदी त्यांच्या हातात नाही. सिस्टरला इतर मोहिमांवर कोण पाठवते, तेही त्यांच्या हातात नाही. मग केंद्राला शिकवून काय होणार? मदतीच्या योजनेची तपासणी करताना केंद्राला गुण द्यावेत, तसेच जिल्ह्याच्या कचेरीलाही गुण द्यावेत. रिकामी जागा किती दिवसांत भरली? मागितलेले औषध किती दिवसांत पोचले? बंद पडलेले यंत्र किती दिवसांत चालू झाले? हे दिवस मोजणे अगदी सोपे आहे, तरी ते क्वचितच मोजले जातात.

दुबळेपणाचा शिक्का मारण्याचेही एक दुखणे आहे, आणि ते पुढारलेल्या देशांतही आहे. इंग्लंडमध्ये २०१३ साली जिथे मृत्यूंचे प्रमाण जास्त दिसत होते अशा १४ रुग्णालय संस्थांची चौकशी झाली. त्यांतल्या ११ संस्था 'विशेष उपाय' नावाच्या देखरेखीखाली घेतल्या गेल्या. चांगल्या चाललेल्या रुग्णालयांशी त्यांची जोडी लावून दिली, वरून सल्लागार पाठवले. काही ठिकाणी गुण दिसला. पण योजनेचा अभ्यास करणाऱ्यांना असेही आढळले की, नाव वर्तमानपत्रात आल्याने कामगारांचे मन खचते आणि नवी माणसे त्या ठिकाणी यायला कचरतात. २०२१ साली ती पद्धत बदलून तिथे 'सुधारणेसाठी आधार' देणारी नवी योजना आणली. आपल्याकडेही, "ते केंद्र वाईट," असे एकदा पसरले, म्हणजे लोक जात नाहीत. लोक जात नाहीत म्हणून काम कमी दिसते, आणि काम कमी दिसते म्हणून माणूस दुसरीकडे हलवतात. वर्गात 'ढ' म्हणून उभ्या केलेल्या मुलाचे काय होते, ते शिक्षकांना सांगायला नको.

त्याला जोडूनच कागदांचा भार. तपासणी वाढली की वह्या वाढतात. केंद्रात दोन सिस्टर असतील आणि एक दिवसभर रकाने भरत बसली, तर रुग्णाला अर्धीच सेवा मिळते. मदतीचा हिशेब करताना या गेलेल्या तासांचाही हिशेब धरला पाहिजे.

एवढे ऐकल्यावर वाटेल की, हे सगळे मोठ्या विद्वानांचे काम, आपण खेड्यातल्या माणसांनी यात काय करायचे? पण तसे नाही. महाराष्ट्रात २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. पुण्याच्या 'साथी' संस्थेने त्याची जुळणी केली. गावकऱ्यांनी एकत्र बसून आपल्या आरोग्य सेवेचे प्रगतिपुस्तक भरायचे. सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर तांबडा. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे. अक्षर न येणाऱ्या आजीलाही तांबडा रंग दिसतो आणि पुढल्या वर्षी तो बदलला की नाही, तेही कळते.

आज प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते आणि गावाला आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती असते. या समित्यांच्या बैठकीत बसणाऱ्या मंडळींनी, आणि त्यांना लिहिण्या-वाचण्यात मदत करणाऱ्या शिक्षकांनी, पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

पहिला : मदत सुरू होण्याआधीच्या तीन वर्षांचे आकडे कुठे आहेत? आधीचे माहीत नसेल तर नंतरच्याला अर्थ नाही.

दुसरा : ज्या शेजारच्या केंद्राला ही मदत मिळाली नाही, तिथे याच महिन्यांत काय झाले?

तिसरा : रात्री आणि सुटीच्या दिवशी आलेल्या रुग्णांपैकी किती जणांना केंद्रातच सेवा मिळाली आणि किती जणांना पुढे पाठवले? पुढे पाठवलेल्यांना गाडी किती वेळात मिळाली?

चौथा : केंद्राने वर जे मागितले ते किती दिवसांत आले?

पाचवा : मदतीची माणसे परत गेल्यावर एक वर्षाने कोण पाहायला येणार?

हे आकडे मिळवताना एक पथ्य पाळावे. कोणा बाईचे नाव, तिचा आजार, तिच्या घरची गोष्ट चावडीवर आणू नये. समितीला संख्या पुरते. आणि डॉक्टर-सिस्टरांना आरोपी समजून प्रश्न विचारू नयेत. बहुतेक वेळा आपल्याइतकीच त्यांचीही अडचण झालेली असते. "तुम्हांला काय कमी पडतं?" असे विचारून सुरुवात केली, तर खरे आकडे हाती येतात, "तुम्ही काम का करत नाही?" म्हणून सुरुवात केली, तर सजवलेले आकडे येतात. शाळा तपासणीच्या दिवशी भिंतीवर कोणते तक्ते लागतात, हे गुरुजींना आणि बाईंना चांगले ठाऊक आहे!

या पाचांतला शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. योजना संपते, अहवाल छापला जातो, सत्कार होतात आणि गाड्या निघून जातात. खरे केंद्र कसे आहे ते त्यानंतर दिसते. नव्या लावलेल्या झाडाला काठीचा आधार देतात. काठी असेतोवर प्रत्येक झाड सरळच दिसते. झाड तयार झाले की नाही हे पाहायचे असेल, तर काठी काढून एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो. म्हणून मदत ज्या दिवशी सुरू होईल त्याच दिवशी दोन तारखा ठरवून समितीच्या वहीत लिहाव्यात. एक आधार काढण्याची, आणि दुसरी त्यानंतर वर्षाने पुन्हा येऊन पाहण्याची. दुसऱ्या तारखेला साहेब न आले, तरी गावाने वही घेऊन केंद्रावर जावे, रात्रपाळीच्या सिस्टरांना नमस्कार करून आत पाहावे आणि जे दिसेल ते लिहून ठेवावे.